जीपची खांदमळणी

आमच्या अप्पांनी बैलांची शेवटची जोडी विकली तेव्हा दोन दिवस ते रिकाम्या गोठ्याच्या दारात बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी गंगाखेडला गेले आणि संध्याकाळी एक जुनी जीप घेऊन राणीसावरगावला परत आले. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, चारी चाकांवर तांब्याभर पाणी घातलं आणि बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली. आमचं घर महादेवाचं, त्यामुळं नंदी देवळात असतो तसा गोठ्यातही असावा लागतो. गोठा रिकामा ठेवायचा नाही म्हणून अप्पांनी त्यात जीप बांधली. बांधली हाच शब्द तेव्हापासून घरात रुजला. "जीप बांधली का?" असं ते रोज विचारायचे आणि मी, गणितात पदवी घेतलेला हायस्कूलचा मास्तर, मुकाट्यानं "बांधली" म्हणायचो.

बैलांचे सगळे नियम जीपला लागू झाले. आमच्यात सोमवारी बैल जुंपत नाहीत, म्हणून जीपही सोमवारी गोठ्याबाहेर निघत नाही. एका सोमवारी माझी दाढ इतकी ठणकत होती की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं, तरी मी तालुक्याला बसनं गेलो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आई ती जीपची करायची. बॉनेटच्या दोन्ही कडांना हळद-तूप चोळून झालं की भाकरी, गूळ आणि तूप कुस्करून केलेला मुठीएवढा घास आणायची. बैलांना ती हा घास थेट तोंडात द्यायची. जीपला मात्र तो बॉनेटवर ठेवावा लागे, आणि ठेवताना ती दर वर्षी हळहळायची, "समदं हाय बिचारीला, तेवढं तोंड न्हाई."

दुसऱ्या दिवशी पोळ्याच्या मिरवणुकीत गावच्या सगळ्या बैलजोड्या वेशीतल्या तोरणाखालून जायच्या आणि सर्वांत शेवटी, पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत, अंगावर आईच्या जुन्या इरकली लुगड्याची झूल घातलेली आमची जीप. चालवायला अप्पा स्वतः. पहिल्या वर्षी गाव हसलं. तिसऱ्या वर्षापासून जीपला उशीर झाला तर गाव थांबायला लागलं.

मागच्या आषाढात, शेताच्या वाटेवर, या जीपच्या इंजिनानं मान टाकली. आतून आधी कुणीतरी खलबत्त्यात काही कुटत असल्यासारखा आवाज आला, मग धूर आला आणि मग काहीच येईना. ओढून घरी आणली. गंगाखेडहून मिस्त्री आला, त्यानं वाकून पाहिलं, हात पुसले आणि म्हणाला, "अप्पा, लय कष्ट केले हिनं. आता सोडा."

सोडा म्हणणं सोपं होतं. शेत गावापासून चार किलोमीटर. अप्पांचे गुडघे असे की मोटारसायकलवर मागं बसताना पाय टाकायला त्यांना दोन माणसं लागतात. जीपमध्ये मात्र ते एका हातानं वरची दांडी धरून आपले आपण चढायचे आणि रोज सकाळी शेतात जाऊन बांधावर बसायचे. जीप थांबली तशी त्यांची सकाळ थांबली. ते ओट्यावर बसून समोरच्या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला "शेताकडं निगालास का?" असं विचारायला लागले. ते ऐकत मी शाळेला निघायचो.

म्हणून एका रविवारी चहा पिता पिता मी जाहीर केलं, "इंजिन मी बदलतो. घरीच."

बायकोनं कप खाली ठेवला. आई देवघरातून बाहेर आली. अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी वर्गात उत्तर चुकलेल्या पोराकडं बघतो.

याला कारण होतं. मला यंत्रं उघडायची हौस फार आणि परत जोडायचा कंटाळा त्याहून फार. माळ्यावर माझ्या अर्धवट कामांची वेगळी वसाहत आहे. उघडलेला मिक्सर, काटे काढलेलं भिंतीवरचं घड्याळ, पाण्याची एक मोटार, आणि एक रेडिओ ज्याचा आता फक्त खोका उरला आहे. प्रत्येक वस्तू मी मोठ्या उत्साहानं खोलली आणि नंतर परीक्षांचे पेपर आले म्हणून राहिली, असं माझं म्हणणं आहे. अप्पांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते त्यांनी त्याच वेळी मांडलं.

"हे बघ. गोठ्यात हाडकं मोकळी करून ठिवशील अन् जाशील शाळेला. मला रोज सकाळी उठून ते बघायचं न्हाई. पोळ्यापतूर टाइम देतो. पोळ्याला जीप सोताच्या इंजिनावर वेशीतनं गेली तर राहील. न्हाई तर भंगारवाल्याला बलवायचं."

"बोलवा," मी म्हणालो. रागाच्या भरात माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो, तो असा.

पोळ्याला सात आठवडे होते. पहिला आठवडा इंजिन शोधण्यात गेला. पूर्ण्याला माझ्या कॉलेजच्या मित्राचे वडील राहतात. रेल्वेच्या डिझेल इंजिनांवर फिटर म्हणून सगळी उमर घालवून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. पत्रा सडलेली पण इंजिनाचं नुकतंच काम झालेली, अगदी आमच्यासारखीच एक जीप त्यांनी स्टेशनमागच्या एका वाड्यात हेरली. इंजिन जागेवर चालू करायला लावलं, एक लांब पाना त्यावर टेकवून दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "घ्या मास्तर. दिल साफ हाय हिचा."

"चाचा, बसवायला तुम्ही याल ना?"

"रेल्वेचं इंजिन असतं तर आलो असतो. हे तर खेळणं हाय. तुमी करा, मी फोनवर हाय."

खेळणं पिकअपमधून घरी आलं तेव्हा ते उतरवायला सहा माणसं लागली.

आता जुनं बाहेर काढायचं. मी वहीत पायऱ्या लिहिल्या, कारण मी गणिताचा माणूस. बॉनेट काढा, बॅटरी काढा, पाणी सोडा, ऑइल सोडा, रेडिएटर काढा, सायलेन्सरचा पाइप सोडवा, गिअरबॉक्सचे बोल्ट सोडा, इंजिन उचला. आठ पायऱ्या. वहीत त्या अर्ध्या पानात मावल्या. प्रत्यक्षात एकट्या सायलेन्सरच्या चार नटांनी माझे दोन रविवार खाल्ले. गंजून ते आणि पाइप एकच झाले होते. मी त्यांना रॉकेल पाजलं, हातोडीनं कुरवाळलं, शेवटी शिव्या दिल्या. आई देवघरातून म्हणाली, "सरावनाचा म्हैना हाय, तोंड आवर."

सुटलेला प्रत्येक बोल्ट बायको ताब्यात घ्यायची. माळ्यावरची वसाहत तिनं रोज झाडलेली आहे, त्यामुळं माझ्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिनं श्रीखंडाचे, दह्याचे रिकामे डबे मांडले आणि प्रत्येकावर चिकटपट्टी लावून सुवाच्य अक्षरात लिहिलं. 'रेडिएटरचे चार.' 'सायलेन्सरचे, पैकी एक तुटका.' 'हे कुठले ते ह्यांनाही माहीत नाही.' या शेवटच्या डब्यात रोज भर पडत होती.

सोमवारचा जाच आणखी वेगळा. श्रावणात सोमवारी शाळा अर्धी सुटते. रविवार सोडला तर सबंध आठवड्यात मला मिळणारी ती एकच मोकळी दुपार, आणि नेमका तोच दिवस जीपला हात लावायचा नाही. मी अप्पांना समजावलं की इंजिन अजून जीपमध्ये नाही, त्यामुळं ते बैल नाही, नुसतं लोखंड आहे. ते म्हणाले, "पोटातलं वासरूबी वासरूच असतंय." मी शर्टाच्या बाह्या खाली केल्या.

इंजिन उचलायला बोअरमधली मोटार काढतात ती तीन लोखंडी पायांची तिवई आणि चेन-पुली मागून आणली. मी साखळी ओढायला लागलो. इंजिन हललं, वर आलं, आणखी वर आलं. मी आनंदानं ओढतच राहिलो. ओट्यावरून अप्पांचा शांत आवाज आला, "समदीच काढायलास का?" बघतो तर जीपची पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून वर उचललेली. खालचा एक बोल्ट सोडायचा राहिला होता. मी जीप हळूच खाली ठेवली आणि बायकोनं कोरा डबा पुढं केला.

जुनं इंजिन निघालं, तेव्हा तिथं एक मोठं भगदाड दिसायला लागलं आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आजवर मी जे जे अर्धवट सोडलं होतं, त्याशिवाय कुणाचं काही अडलं नव्हतं. मिक्सर नसला तर खलबत्ता होता. इथं मात्र रोज सकाळी अप्पा गोठ्याच्या दाराशी येऊन त्या भगदाडाकडं बघायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे. शाळेत मी फळ्यावर वर्तुळ काढायचो आणि मनात क्लचप्लेट दिसायची.

क्लचप्लेटचं दुखणं असं, की ती बरोबर मध्यभागी बसली नाही तर गिअरबॉक्सचा दांडा तिच्यातून आरपार जात नाही आणि दोन्ही यंत्रं एकमेकांना मिळत नाहीत. मध्य साधायला एक खास दांडा मिळतो. माझ्याकडं तो नव्हता. चाचा फोनवर म्हणाले, "लाकडाचा करा. घरात काय गोल हाय?" मी स्वयंपाकघरात गेलो. लाटण्याचं एक टोक आधीच निमुळतं होतं. थोडं तासलं, वर चिकटपट्टीचे वेढे दिले, आणि ते असं चपखल बसलं की मी एकटाच टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी बायको चपात्या लाटायला बसली.

"माझं लाटणं कुठंय?"

"क्लचमध्ये."

तिनं परात बाजूला सरकवली. "पोळ्याला पुरणपोळ्या हायत," एवढंच म्हणाली. त्या रात्रीच्या चपात्या तिनं बाटलीनं लाटल्या आणि माझ्या ताटात मुद्दाम सगळ्यात वेडीवाकडी वाढली.

नवं इंजिन आत उतरवायचा दिवस म्हणजे पोळ्याच्या आधीचा रविवार. सकाळी नऊ वाजता साखळीला लटकलेलं इंजिन गिअरबॉक्ससमोर आलं आणि बारा वाजता तिथंच होतं. बोटभर अंतर राहत होतं. मी ढकललं, हलवलं, तिरकं केलं. घामानं डोळे झोंबत होते. शेवटी डोकं फिरलं आणि हातातला पाना मी असा भिरकावला की तो जास्वंदीत जाऊन पडला. मी ओरडलो, "बोलवा त्या भंगारवाल्याला!"

अप्पा ऐकू न आल्यासारखे अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले. बायकोनं पाना शोधून आणला, चाचांना फोन लावला आणि फोन माझ्या कानाला धरला.

"मास्तर, जोर नका लावू. गिअरमधी टाका, मागचं एक चाक जॅकवर घ्या, अन् कुणाला तरी ते चाक हळूहळू फिरवायला लावा. दाताला दात आपोआप सापडंल."

आम्ही तिघं. मी इंजिनाला मिठी मारलेली, बायकोच्या हातात साखळी. उरली आई. ती पाट घेऊन आली, मागच्या चाकापाशी बसली आणि जात्यावर बसावं तशी एक पाय लांब करून चाक फिरवायला लागली. एक फेरा, दोन फेरे. तिसऱ्याला इंजिन माझ्या मिठीतून आपणहून पुढं सरकलं आणि टक्‌ असा आवाज झाला. इतका गोड आवाज मी आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकला आहे. आई पदरानं हात पुसत म्हणाली, "बसलं व्हय? मला वाटलं अजून दळायचंय." त्या दिवसापासून ते इंजिन आईनंही बसवलेलं होतं, आणि ती तसं शेजारीपाजारी सांगतही होती.

पुढचे दिवस शाळा सुटल्यावर दोन-दोन तास मिळाले. वायरी, पाइप, रेडिएटर. 'ह्यांनाही माहीत नाही' हा डबा हळूहळू रिकामा होत गेला. शेवटी त्यात तीन बोल्ट उरले, ते अजून आहेत, आणि जीपला त्यांची उणीव भासलेली नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी चारला, डिझेलच्या नळीतली हवा काढून मी चावी फिरवली. घर्र, घर्र, आणि इंजिन चालू झालं. सगळा गोठा हादरला. आई हात जोडून उभी, बायको हसायलीय, आणि अप्पा ओट्यावरून उठून, गुडघ्यावर हात ठेवत, चक्क गोठ्यापर्यंत चालत आले. त्यांनी इंजिनावर तळवा ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवायचे तसा. "गरम हाय," ते म्हणाले. मी दहा मिनिटं ते चालवलं आणि बंद केलं.

एकच गोष्ट राहिली होती. इंजिन ज्यातून हवा ओढून घेतं तो मनगटाहून जाड रबरी पाइप. त्याचं एक टोक इंजिनावर घट्ट बसवलेलं, दुसरं टोक एअर फिल्टरच्या डब्याला जोडायचं. ते आवळायचा पट्टा काही केल्या सापडत नव्हता, म्हणून ते टोक उघडंच होतं आणि वाकून गोठ्याच्या दाराकडं तोंड करून होतं. आत काही जाऊ नये म्हणून रोज मी त्यात चिंधी कोंबून ठेवायचो. त्या दिवशी इंजिन चालू करायला चिंधी काढली आणि आनंदाच्या भरात परत कोंबायची विसरलो. मग सरळ न्हाणीघरात जाऊन कपड्याच्या साबणानं कोपरापर्यंत हात घासत बसलो.

बाहेर आलो तोवर आईची खांदमळणी उरकली होती. बॉनेट अजून बसवलं नव्हतं, म्हणून तिनं यंदा थेट नव्या इंजिनाचेच खांदे मळले होते. दोन्ही बाजूंना पिवळी बोटं उमटलेली. मी त्याच समाधानात झोपलो. सकाळी पट्टा सापडला, श्रीखंडाच्या डब्याखाली. पाइप फिल्टरला जोडला, पट्टा आवळला, बॉनेट बसवलं, जीप धुतली, बेगड लावली, झूल घातली. पूजेआधी जीप चालू करायची नाही असा आईचा दंडक, आणि मला तरी पुन्हा कशाला बघायचं होतं? काल तर चालली होती.

तिसऱ्या प्रहरी वेशीपाशी सगळं गाव जमलं. शिंगं रंगवलेल्या जोड्या, घुंगरमाळा, हलगी. सगळ्यांत पुढं आमच्या चुलत्यांची पांढरीशुभ्र जोडी, आणि त्या जोडीपेक्षा जास्त नटलेले आमचे चुलते. जीप घरासमोरच उभी होती, तिथून वेस शंभर पावलांवर. अप्पा धुवट धोतर नेसून, रुमाल बांधून दांडी धरून चढले आणि चावी फिरवली.

घर्र, घर्र, खॉक. काळाकुट्ट धूर. बंद.

पुन्हा. पुन्हा तेच. चौथ्या वेळी बॅटरीनं जीव सोडायला सुरुवात केली. हलगी थांबली. पुढून चुलते ओरडले, "मास्तर, नवी गाय घातलीस का काय? ही तर दारातच बसली की!" गाव खदखदून हसलं. मी बॉनेटवर हात ठेवून उभा होतो. सात आठवडे, सगळे रविवार, आईनं फिरवलेलं चाक, बायकोचं लाटणं, सगळं त्या एका खॉकमध्ये गेलं होतं. आणि मी पुन्हा एकदा अर्धवट. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

अप्पांनी चावीवरचा हात काढला. दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या आईकडं एकदा बघितलं. मग बॉनेटकडं बघितलं. मग दांडी धरून खाली उतरले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आज पोळा हाय. आजच्या दिशी बैलाला कामाला लावत्यात का? हातानं धरून नेत्यात. कासरा आण रे."

या जीपनं आजवरचा प्रत्येक पोळा स्वतःच्या इंजिनावर केला होता आणि दर वेळी चालवायला अप्पाच होते. पण मी धावत जाऊन कासरा आणला. अप्पांनी बंपरला कासरा बांधला, त्याचं टोक हातात धरलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी पुढं चालायला लागले. मागून मी लावला रेटा, मग शेजारी आले, मग हसणं थांबवून चुलतेही आले. जीप निमूटपणे, आवाज न करता, तोरणाखालून गेली. हलगी पुन्हा सुरू झाली.

रात्री माझ्या ताटात पुरणपोळी आली. ती त्याच लाटण्यानं लाटलेली होती, घासूनही त्याचा एका बाजूचा काळा डाग गेला नव्हता. अप्पा शांतपणे जेवले. भंगारवाल्याचं नाव त्यांनी काढलं नाही. माझी लाज राखायला या माणसानं भर गावात स्वतःचा शब्द मोडला, असं मला वाटत होतं, आणि ते मला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे जीपला हात लावणं बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी आई महादेवाच्या देवळात गेली होती. बायको गोठा झाडत होती. तिनं मला हाक मारली, "अहो, मुंग्या बघा."

लाल मुंग्यांची एक शिस्तीतली रांग जमिनीवरून टायरवर, टायरवरून बंपरवर आणि तिथून बॉनेटच्या फटीत चालली होती. बॉनेट उघडलं. रांग रबरी पाइपच्या पट्ट्याखाली शिरत होती. मी पट्टा ढिला केला, पाइप ओढून काढला आणि आत बघितलं. वळणावर भाकरी, गूळ आणि तुपाचा मुठीएवढा घास घट्ट अडकून बसला होता.

मला सगळं एकदम उमगलं आणि डोक्यात सणक गेली. "आईनं!" मी ओरडलो, "सात आठवडे मी मरमर मरतोय, आणि आईनं इंजिनाच्या नरड्यात भाकरी..."

"गप बस," मागून अप्पा म्हणाले. ते केव्हा येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. "हळू बोल. देवळातनं येत असंल ती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"घास देताना बघितलं व्हतं मी, ओट्यावरनं. मला काय ठावं तिथनंच श्वास घेती म्हणून. पोळ्याला खोकली तवा ध्यानात आलं."

"मग तेव्हाच सांगायचं की! दोन मिनिटांत काढला असता. आपल्या इंजिनावर गेली असती वेशीतून. तुमचीच अट होती ना?"

अप्पांनी माझ्या हातातला पाइप घेतला.

"इतकी वर्सं ती म्हनायली, हिला तोंड न्हाई. यंदा तोंड सापडलं तिला. लय खूश होती. सगळ्या गावाम्होरं तिचा घास तोंडातनं ओढून काढू, अन् हिच्यामुळं गाडी अडली म्हनून लोक हसत्याल ते बघू? एक अट मोडली तर काय झालं. माजीच होती."

मी खाली बसलो. माझ्यासाठी म्हणून जे दोन दिवस उरावर घेऊन फिरत होतो, ते माझ्यासाठी नव्हतंच. त्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. पण इतकं हलकं वाटलं की मी आणि बायको एकमेकांकडं बघून हसायलाच लागलो.

"आणि भंगारवाला?" मी विचारलं.

"कोणचा भंगारवाला?" अप्पा म्हणाले आणि तो घास कागदावर घेऊन, मुंग्यांसकट, लिंबाच्या झाडाखाली ठेवून आले.

बॅटरी भरून आणली, पाइप पुसून बसवला, चावी फिरवली. पहिल्या घर्रला इंजिन चालू झालं. आई तेवढ्यात देवळातून आली, कपाळाला विभूती, हातात बेलाची पानं. जीपचा आवाज ऐकून दारातच थांबली.

"बगा," ती म्हणाली, "सण झाल्याबिगर कशी चालंल ती? शानी हाय."

"लय शानी," अप्पा म्हणाले आणि दांडी धरून जीपमध्ये चढले. मी त्यांना शेतात घेऊन गेलो.

ही मागच्या वर्षीची गोष्ट. यंदा श्रावण लागताच मी गंगाखेडहून तसलाच दुसरा रबरी पाइप आणला. खांदमळणीला हा बसवायचा, आणि पोळ्याच्या सकाळी तो काढून रोजचा लावायचा. बायको आईला आत्याबाई म्हणते. तिनं त्यासाठी एक मोठा डबा दिला आणि वर चिकटपट्टी लावली, 'जेवायचा पाइप. आत्याबाईंना सांगू नये.' माळ्यावरचा मिक्सर अजून तसाच आहे.

खांदमळणीच्या दिवशी मी बॉनेट काढून ठेवलं, फिल्टरचा डबा बाजूला केला, नवा पाइप लावला आणि त्याचं टोक दाराकडं वळवलं. अप्पा गुडघ्यावर हात ठेवत गोठ्याच्या दारात आले.

"तोंड उघडलंस का तिचं?"

"उघडलं."

ते माघारी जाऊन ओट्यावर बसले. थोड्या वेळानं आई हळदीच्या हातात घास घेऊन आली.